भिशीचे पैसे आणि आकाशातली उडी

मैत्रिणींनो, गेल्या काही आठवड्यांत तुमची जी पत्रे आली, त्यांत एक प्रश्न फिरून फिरून येतो आहे. घरखर्च भागून हाती चार पैसे उरले, तर ते कशात घालावेत? सोन्यात, ठेवीत, की घरातल्या वस्तूंत? मी आपली दर वेळी शहाण्यासारखी उत्तरे देत आले. पण खरं सांगू का, गेल्या दिवाळीत हाच प्रश्न माझ्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा माझे सगळे शहाणपण चुलीत गेले. त्याचीच हकीकत आज सांगते. त्यात हिशोबही आहे आणि तो कुठल्याही महागड्या हौसेला लागू पडेल.

आमच्या आळे गावात आम्हा बारा जणींची भिशी आहे. दरमहा तीन हजार, म्हणजे जिचा नंबर लागेल तिला छत्तीस हजार. मी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, संध्याकाळी घरी मुलांच्या शिकवण्या घेते. भिशीचा हप्ता त्यातूनच जातो, घरखर्चाला हात लावायचा नाही असा माझा नेम आहे. आजवर तीनदा भिशी लागली. तेव्हा रक्कम लहान होती, पण पहिल्या वेळी मिक्सर आणि कपाट आले, दुसऱ्या वेळी चुलत नणंदेच्या लग्नातला आहेर झाला, तिसऱ्या वेळी ऐन उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळाली आणि पैसे तिच्यात गेले. कुणी माझ्याकडून हिसकावून घेतले असे नाही हं. मीच उठून दिले. पण तिसऱ्या वेळी मोटर बसवून माणूस गेला, पाणी सुरू झाले, आणि मी बांधावर उभी राहून मनात म्हटलं, पुढची भिशी माझी.

चौथी लागली ती दिवाळीच्या तोंडावर. भाऊबीजेच्या रात्री सगळे जेवायला बसलेले. आमच्या ह्यांनी ठिबकच्या नळ्यांचा विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, मंगळसूत्राच्या वाट्या झिजल्यात, त्या मोडून नव्या कर. चिरंजीवांना मोबाइल हवा होता. मी आमटी वाढता वाढता म्हटलं, "मला विमानातून उडी मारायची आहे."

कुणाचाच घास पुढे जाईना. मग सासूबाई म्हणाल्या, "लग्न होऊन आली तेव्हा विहिरीत वाकून बघायला भीत होती ही!" हे म्हणाले, "हे काय नवीन खूळ?" आणि दिवाळीला पुण्याहून आलेल्या धाकट्या वन्संना जो ठसका लागला, तो पाणी पिऊनही थांबेना. ठसक्याचे कारण नंतर कळले. कंपनीने त्यांना सहा महिने अमेरिकेला पाठवले होते, तेव्हा तिथे सुट्टीच्या दिवशी त्या हेच शिकत होत्या. अकरा उड्या झाल्या होत्या आणि घरात कुणाला पत्ता नव्हता! सासूबाईंनी ताट बाजूला सरकवले. त्या रात्री माझा विषय मागेच पडला.

माझ्या डोक्यात हे कुठून शिरले तेही सांगते. महिला दिनाला सहावीच्या मुलींना मी शीतल महाजनांची गोष्ट सांगितली होती. पुण्याची मुलगी. २००४ सालच्या एप्रिलमध्ये तिने उत्तर ध्रुवावर उडी घेतली, ती आयुष्यातली पहिलीच उडी! हेलिकॉप्टरमधून, २,४०० फुटांवरून, आणि खाली उणे ३७ अंशांची थंडी. २००६ साली अंटार्क्टिकावर उडी घेतली. पुढे लग्न झाले, आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. जुळ्या मुलांची ही आई, आणि २०१८ साली थायलंडमध्ये त्यांनी चक्क नऊवारी नेसून १३,००० फुटांवरून उडी मारली. २०२३ साली एव्हरेस्टच्या समोर, २१,५०० फुटांवरून. त्यांच्या आधीच्या रेचल थॉमस यांचेही नाव मुलींना सांगितले. दोन मुलांची आई, २००२ मध्ये उत्तर ध्रुवावर उतरलेली, २००५ ची पद्मश्री. सगळे ऐकून एक चुणचुणीत पोर उठून म्हणाली, "बाई, तुम्ही कधी मारली का उडी?" वर्ग हसला. मीही हसले. पण घरी येताना आळेफाट्यावर वडापची वाट पाहत उभी होते, तेव्हा हसू आले नाही.

तर खूळ. या शब्दाशी मी दोन दिवस भांडत होते. आमचे मोठे भाऊजी बैलगाड्याचे शौकीन. जुन्नर-आंबेगावकडच्या मैत्रिणींना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. घाटाच्या चढावर बैलांची बारी सुटते आणि सारा खेळ बारा-पंधरा सेकंदांत संपतो. त्या बारा सेकंदांसाठी बैलांना वर्षभर खुराक, दूध, अंडी, मालिश. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, त्या २०२१ च्या डिसेंबरात अटींवर सुरू झाल्या, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा ग्राह्य धरला. मधली सात वर्षे आमचे बैल नुसते दावणीला उभे होते. खुराक एक दिवस थांबला नाही. त्याचा हिशोब आमच्या घरात कुणी मांडला नाही, आणि मी मांडावा असेही मला वाटत नाही, कारण बारी सुटताना भाऊजींचा चेहरा मी पाहिलेला आहे. पण त्याला घरात नाद म्हणतात आणि माझ्याला खूळ, एवढे मात्र मी ह्यांना बोलून दाखवले. हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वही-पेन घेऊन समोर बसले आणि म्हणाले, "सांग, किती लागतात?"

इथून खरा हिशोब सुरू झाला.

नवख्या माणसाला शिकल्याशिवाय एकट्याने उडी मारता येत नाही. टँडम म्हणजे जोडउडी असते. शिकवणारा आपल्या पाठीला पट्ट्यांनी घट्ट जोडलेला असतो, छत्री त्याच्या पाठीवर आणि जबाबदारीही त्याचीच. आपल्या महाराष्ट्रात बारमाही अशी सोय नजरेला आली नाही. मध्य प्रदेश पर्यटन मंडळ मात्र काही वर्षे हिवाळ्यात उज्जैनला स्कायडायव्हिंगचा उत्सव भरवत आले आहे, दहा हजार फुटांवरून. हरियाणात नारनौलजवळही उड्या होतात. उडीचे पैसे तीस हजारांच्या आसपास. इथे पहिली गंमत लक्षात ठेवा: हा आकडा कर धरून की सोडून, ते विचारा. तिसावर अठरा टक्के म्हणजे आणखी ५,४००. चित्रफीत हवी तर तिचे पैसे वेगळे असू शकतात, तेही आधी विचारावे. मग आमचे दोघांचे जाणे-येणे, दोन रात्रींचा मुक्काम, जेवणखाण. दोन रात्री अशासाठी की ढग आले किंवा वारा वाढला तर उडी पुढे ढकलतात, आणि एकाच दिवसाचा बेत करून गेलेली माणसे हात हलवत परत येतात. मुक्काम-प्रवासाचे नऊ हजार धरले. बेरीज झाली ४४,४००. आम्ही पंचेचाळीस हजार लिहिले.

दहा हजार फुटांवरून उडी घेतली की छत्री उघडेपर्यंत तीस-पस्तीस सेकंद नुसते खाली पडायचे, ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने. मग छत्री उघडते आणि चार-पाच मिनिटे तरंगत खाली. ह्यांनी गणकयंत्रावर आकडे दाबले आणि म्हणाले, "सेकंदाला हजार रुपये." मी म्हटलं, "बैलांचं काढू का?" गणकयंत्र खिशात गेले.

आता दुसरी बाजू. छत्तीस हजार हाती होते, पण ते सगळे शिल्लक होते का? भगिनींनो, आपली चूक होते ती इथेच. रक्कम एकदम हाती आली की ती सगळी वरकड वाटते. वहीत पुढच्या चार महिन्यांची देणी लिहून काढली तेव्हा चिरंजीवांच्या फीचा दुसरा हप्ता नऊ हजार दिसला, आणि आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सात हजार कमी पडत होते. म्हणजे सोळा हजार आधीच बोललेले. उरले वीस. माझ्या नावावरची आणीबाणीची ठेव, जी तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी असावी असे मी तुम्हाला नेहमी सांगते, ती पुरी होती म्हणून हे वीस तरी खरे वीस होते. ती नसती तर मी उडीचा विषय तिथेच मिटवला असता. मोटर पुन्हा जळू शकते.

ह्यांनी विचारलेला पुढचा प्रश्न होता विम्याचा. आमच्या विमा प्रतिनिधीला फोन लावला, तो म्हणाला, "ताई, सगळं त्यात येतं." मी ठेवणीतले कागद काढून बारीक अक्षरांतले वाचत बसले. आरोग्य विम्यात बहुधा असे वाक्य असते की धोक्याच्या किंवा साहसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेतल्याने आलेला खर्च मिळणार नाही. मी काही व्यावसायिक नव्हे, तेव्हा तिथे ठीक. पण आमच्या अपघात विम्याच्या कागदात साहसी खेळ सरसकट वगळलेले निघाले. तोंडी उत्तरावर विसंबू नका, कंपनीकडून लेखी घ्या. शिवाय उडीपूर्वी एका कागदावर सही करावी लागते, की धोका माहीत आहे आणि मी स्वखुशीने उडी घेते आहे. हा कागद मी आधी मागवून घरी वाचला. वाचताना पोटात गोळा आला, खोटं का सांगू? माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की जोडउडीत जीव जाण्याचा प्रसंग काही लाख उड्यांमागे एखादा येतो. आकडा धीर देणारा आहे. पण आईचे मन टक्केवारीवर चालत नाही, म्हणून मी वन्संना विचारून प्रश्न लिहून घेतले. शिकवणाऱ्याकडे जोडउडीचा परवाना आहे का, त्याच्या आजवर किती उड्या झाल्या, राखीव छत्रीची घडी शेवटची कधी घातली, आणि ती आपोआप उघडणारे यंत्र बसवले आहे का? उत्तर द्यायला जो कंटाळेल त्याच्याकडे जायचे नाही. रक्तदाब, पाठीचे दुखणे किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, आणि गरोदरपणात हा विचारही नको. वजनाचीही मर्यादा असते. माझे वजन किराणा दुकानातल्या काट्यावर केले, तिथे दोन गिऱ्हाइकांनी कारण विचारले आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळले.

मधल्या काळात वन्संचा वेगळाच पेच उभा राहिला. त्यांच्याजवळ दोन लाख साठले होते आणि त्यांना स्वतःची छत्री घ्यायची होती, जुन्या बाजारातली. नव्या पूर्ण संचाची किंमत कित्येक लाखांत जाते. मला विचारू लागल्या, "वहिनी, घेऊ का? सारखं भाड्याने घेण्यात पैसे वायाच जातात ना." मला छत्रीतले काय कळते? पण संसारातले कळते. मी विचारले, वर्षाकाठी किती उड्या होतील? त्या म्हणाल्या, परदेशी जाणे झाले तर दहा-पंधरा. परवान्याला किती लागतात? किमान पंचवीस. म्हणजे अजून चौदा बाकी. मग मी म्हटलं, "आधी चौदा उड्या, मग छत्री. स्वयंपाक येण्याआधी ओव्हन घेऊन ठेवणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यात आता बटाटे ठेवतात."

त्यांनी मग स्वतःच एकेक गोष्ट सांगितली आणि माझे म्हणणे जास्तच पक्के झाले. शिकाऊ माणसाला मोठी, संथ उतरणारी छत्री देतात. हात बसला की टप्प्याटप्प्याने लहान छत्रीवर जायचे. म्हणजे आत्ता घेतलेली छत्री बाळाच्या बुटांसारखी, दोन वर्षांत मापाबाहेर. राखीव छत्री एकदाही उघडली नाही, तरी अमेरिकेच्या नियमाप्रमाणे दर १८० दिवसांनी परवानाधारक माणसाकडून उलगडून पुन्हा घडी घालून घ्यावी लागते, आणि त्याचे पैसे पडतात. आपोआप उघडणाऱ्या यंत्राला आयुष्याची मुदत असते, आपल्या गॅसच्या केशरी नळीवर पाच वर्षांची छापलेली असते तशी. जुन्या बाजारात स्वस्त मिळणाऱ्या संचात बरेचदा हीच मुदत संपत आलेली असते. आणि पुण्याच्या दोन खोल्यांत ती छत्री ठेवायची कुठे? कपाटात पडून राहिलेली वस्तू घरात किती जागा खाते हे माझ्या शिलाई मशीनला विचारा.

शेवटी त्यांनी जे ठरवले ते मला पटले. उंचीचे घड्याळ आणि शिरस्त्राण तेवढे स्वतःचे घ्यायचे, कारण त्यांचे माप बदलत नाही. हैदराबादला वाऱ्याचा उभा बोगदा आहे. खालून इतका जोराचा वारा सोडतात की माणूस अधांतरी तरंगतो. तिथे वर्षातून दोनदा जाऊन शरीर सावरायचा सराव करायचा, विमानाचे पैसे न घालता. बाकीचे सगळे पैसे राहिलेल्या उड्यांसाठी. तयार माणसाला परदेशात एका उडीला साधारण अडीच-तीन हजार पडतात, भाड्याच्या सामानाचे निराळे. शिकवणीच्या उड्या त्याहून बऱ्याच महाग. तेव्हा दोन लाख म्हणजे काही अथांग नव्हेत. छत्रीचा विचार पन्नासाव्या उडीनंतर, तोही जाणकाराने शिवण न् शिवण तपासल्यावर. वन्सं थोड्या हिरमुसल्या. नवी वस्तू घरी आणण्याचा आनंद वेगळाच असतो, तो काही मला माहीत नाही असे नाही.

आता माझे. वीस हजार होते, पंचेचाळीस हवे होते. या हिवाळ्यात जायचे तर ह्यांच्याकडून घ्यावे लागले असते, किंवा सोने गहाण. ह्यांनी देऊ केले होते. मी नको म्हटलं. ठिबकच्या नळ्या खरोखरच फाटल्या आहेत, आणि त्या पैशाने मारलेली उडी मला वर जाऊनही जड झाली असती. म्हणून एक वर्ष थांबायचे ठरवले. वीस हजार बँकेत एक वर्षाच्या मुदत ठेवीत टाकले. नोव्हेंबरपासून दरमहा दोन हजारांचे आवर्ती खाते उघडले, डिसेंबरपर्यंत तेरा-चौदा हप्ते होतात. त्यासाठी सकाळची एक शिकवणी वाढवली आहे, सहा ते सात. थंडीत उठताना जिवावर यायचे. बँकेतल्या बाईंनी विचारले, कशासाठी साठवताय? मी उडी म्हटलं, त्यांनी साडी ऐकलं, आणि मी दुरुस्त केले नाही.

मधल्या काळात चव घ्यावी म्हणून फेब्रुवारीत आम्ही मावळात कामशेतला जाऊन आलो. तिथे डोंगरावरून पॅराग्लायडिंग करतात, तेही शिकवणाऱ्याबरोबर, काही हजारांत. ते पैसे शिकवणीच्या जादा उत्पन्नातून, खात्याला हात न लावता. ज्या मैत्रिणींना उंचीची धास्ती आहे पण हौसही आहे, त्यांनी आधी हेच करावे. डोंगराच्या कडेने चार पावले पळायचे असते. मी तीन पळाले आणि चौथे जमिनीवर पडलेच नाही. खाली पवनेचे पाणी दिसत होते. मी ओरडले की रडले ते ह्यांनाही नीट सांगता येत नाही. खाली उतरल्यावर पंधरा मिनिटे मी गप्प होते, मग म्हणाले की उज्जैनचे पक्के.

सासूबाईंचे काय झाले ते राहिलेच. महिनाभर त्या या विषयावर माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यात लेकीने अकरा उड्या लपवल्याचा रागही होता. मग एकदा दुपारी शेंगा फोडता फोडता विचारलं, "ते उज्जैन म्हणजे महाकालाचं ना गं?" मी म्हटलं, "हो, तेच." त्या बराच वेळ शेंगा फोडत राहिल्या. "ज्या गावात रेड्याची समाधी आहे, त्या गावच्या सुनेला उडावंसं वाटलं तर नवल काय," म्हणाल्या. "मी येते. तू वर जा, मी देवळात बसते. माझ्या तिकिटाचे पैसे माझ्या दुधाच्या हिशोबातले, तुझ्या खात्यातले नकोत."

चिरंजीव तेवढे दिवस वन्संकडे पुण्याला राहतील. सासूबाईंनी प्रवासाची कापडी पिशवी धुऊन, वाळवून दाराच्या खुंटीला टांगून ठेवली आहे. डिसेंबरला अजून सात महिने आहेत.